नाव घेतलं, असं मी तुम्हाला सांगितलं होतं

बाई,

आज सोमवार. तातडीच्या औषधांचा ट्रे तपासला. दवाखाना बंद आहे, तुम्ही जाऊन सतरा दिवस झाले, तरी तपासला. तुमच्या लेकीनं, अनुताईंनी, किल्ली माझ्याकडेच ठेवली आहे. पहिल्या खणात त्या चार काचेच्या छोट्या बाटल्या आहेत. एकेक हातात घेऊन तारीख मोठ्यानं वाचली, तुम्ही वाचायला लावत होतात तशी. चौथी वाचून झाल्यावर सवयीनं मागं बघितलं, तुम्ही "हं, पुढचा खण" म्हणाल म्हणून.

तुमच्याबद्दल गावात सगळे बोलायलेत. कुणाच्या बाळंतपणात तुम्ही काय केलं, कुणाच्या पोराचा ताप कसा ओळखला. मी भिंतीला टेकून ऐकते. मला कुणी विचारत नाही आणि मी बोलत नाही, हे गावाला माहीत आहे. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तोंडानं जमलं नाही. म्हणून तुमच्याच कोऱ्या केसपेपरांच्या पाठीवर लिहिते आहे. अक्षराला हसू नका.

आमचे मालक वारले तेव्हा मी दवाखान्यात झाडलोट मागायला आले होते. तुमचे यजमान, डॉक्टर सर, तेव्हा हयात होते, ते आत पेशंट बघत होते. तुम्ही विचारलंत, "शिकलीस किती?" मी म्हटलं, "चौथी." "म्हणजे वाचता येतं," असं म्हणून तुम्ही केसपेपरची पेटी माझ्यापुढं सरकवलीत. पेपर शोधायचा, पेशंटला पुकारायचं, पेपर त्याच्या हातात द्यायचा आणि आत पाठवायचं. मी इतक्या हळू पुकारायचे की दुसऱ्या बाकापर्यंत आवाज जात नव्हता. तुम्ही आतून ओरडायच्या, "मालन, पुकारतेस का मंत्र म्हणतेस?"

तुमचा नियम मला तिसऱ्या दिवशी कळला. मी एका म्हातारीला विचारलं होतं, "तुम्ही सत्यभामाबाई ना?" ती "हाव" म्हणाली. तुम्ही उठून बाहेर आलात आणि तिच्यासमोर वाकून विचारलंत, "आजी, तुम्ही पार्वतीबाई ना?" "हाव." "आणि गंगाबाई पण तुम्हीच?" "हाव हाव." सगळा दवाखाना हसला. म्हातारी पण हसली. तुम्ही हसला नाहीत. मला म्हणालात, "दवाखान्यात आलेलं माणूस घाबरलेलं असतं. ते कशालाही हो म्हणतं. आपण नाव सांगून विचारायचं नाही. कागदावरून पूर्ण नाव पुकारायचं, माणूस आला की त्याला त्याचं नाव सांगायला लावायचं, मग पुन्हा कागद वाचायचा. आणि ज्याच्या हातात सुई आहे त्यानं परत एकदा विचारायचं."

लोक कंटाळायचे. "बाई, मला जन्मल्यापासून वळखताव की तुम्ही, नाव काय इचारताव?" तुम्ही म्हणायच्या, "मी ओळखते. सुई ओळखत नाही." सलाईन मागायला आलेल्याला सलाईन न देता परत पाठवायच्या, हात धुवायला मला दिवसातून तीसदा उठवायच्या. वरच्या गल्लीची काशीबाई एकदा तोंडावर म्हणाली, "सुई न्हाई, सलाईन न्हाई, नुसतं नाव इचारायचं आन् हात धुवायचं. मग डाक्टर कशाला झालाव?" त्या दिवशी मात्र तुम्ही पोट धरून हसलात.

सगळं मी शिकले. एक जमलं नाही. ते तुम्हाला माहीत आहे.

मामंजींचं नाव. आमच्या लोकांत ते नाव घरोघर. आपल्या पेटीत त्या नावाचे अकरा पेपर होते, मी मोजले होते. त्यातला एकही मला पुकारता येत नव्हता. तुम्ही चिडायच्या. "तो काय तुझा सासरा आहे का? दुसराच माणूस आहे. नाव घे." मी म्हणायचे, "न्हाई जमत, बाई." "जमत नाही की जमवायचं नाही?" मी पुढचा पेपर काढायचे. हा वाद आपला किती वर्षं चालला.

का जमत नाही ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. घरात एक पत्र आलं. वाचता येणारी घरात मी एकटीच, मला त्याची मोठी ऐट. ओसरीवर चार माणसांत मी पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचलं. सासूनं माझ्या हातातून पाकीट हिसकून घेतलं. "सासऱ्याचं नाव घेतलीस? त्येचं आयुष्य खाणार हाईस का?" बाराव्या दिवशी मामंजी शेतात गेले आणि तिथंच पडले. सासू त्यानंतर मला एक शब्दही लागट बोलली नाही. त्यानं जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून मी मोठ्यानं वाचणंच सोडलं होतं. पुकारताना माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत का जात नव्हता, ते हे.

शेवटी तोड तुम्हीच काढलीत. त्या नावाचा पेपर निघाला की मी तो शकीलभाईंना द्यायचा आणि त्यांनी पुकारायचं. शकीलभाई आपले कंपाउंडर, सुई देणं, पट्टी करणं त्यांच्याकडं. त्यांचं घर गावात आमच्या घराइतकंच जुनं. ते मला चिडवायचे, "मालनताई, तुमचे मामंजी लई नशीबवान. जाऊन इतकी सालं झाली, तरी रोज त्यांच्या नावाचा पुकारा. आन् पुकारायला कोण, तर शकील." मी पदर तोंडाला लावून हसायचे. हे कितीतरी वर्षं बिनबोभाट चाललं. त्यामुळं आपल्या सगळ्यांनाच वाटलं की ते बरोबर आहे.

त्या बुधवारी बाजार होता. बाक भरलेले, दारात लोक उभे. मामंजींच्या नावाचे दोन अप्पा आले होते. एक मठाजवळचे, ऐकायला कमी येणारे, रक्तदाब बघायला आलेले. त्यांना एक औषध चालत नव्हतं. पूर्वी कधी ते घेऊन तोंड सुजलं होतं, म्हणून त्यांच्या पेपरवर तुम्ही वर लाल रेघ मारून ठेवली होती. दुसरे खालच्या आळीचे. त्यांच्या पायाला जखम होती आणि तुम्ही त्यांच्या पेपरवर नेमकी त्याच औषधाची सुई लिहिली होती.

खालच्या आळीच्या अप्पांचा पेपर सुईसाठी पुन्हा माझ्या हातात आला होता. शकीलभाई आत एकाच्या हाताची पट्टी करत होते. मी पडद्याशी गेले, त्यांचे हात रक्ताचे होते, परत आले. एक बाई रडणारं लेकरू घेऊन माझ्या अंगावर आली, "आमचा नंबर कवा?" मी पेपर बाकाकडं धरला आणि म्हटलं, "अप्पा, चला." हातानं खूण केली. जवळच्या बाकावरचे अप्पा उठले. ते मठाजवळचे होते. मी त्यांना ओळखत होते, बाई. त्यांच्या घरचं मीठ खाल्लेलं आहे. पण माझं लक्ष पेपरवर नव्हतं. नाव वाचायचंच नाही, तर डोळे त्याच्यावर ठरत नाहीत. पेपर त्यांच्या हातात दिला आणि पडद्याआड पाठवलं.

शकीलभाईंनी पेपर बघितला. त्याच्यावर लाल रेघ नव्हती. सुई दिली.

अप्पा बाहेर येऊन बाकावर बसले. आधी मान खाजवायला लागले, मग गळा धरला, मग बाकावरून खाली सरकले. तुम्ही आतून पळत आलात. "ट्रे!" म्हणालात. पहिल्या खणातली बाटली मीच तुमच्या हातात दिली. तुम्ही मांडीत सुई दिलीत, पाय वर धरायला लावलेत, आणि कुणाची तरी जीप घेऊन स्वतः त्यांना लातूरला नेलंत. जाताना खिडकीतून माझ्याकडं बघून म्हणालात, "पेपर कुठंय त्यांचा?" तो पेटीतच होता.

अप्पा वाचले. दर सोमवारच्या त्या चार बाटल्यांनी वाचले, हे मला माहीत आहे. लोक त्या तारखा वाचण्याला हसायचे.

दिवस मावळायच्या आत तुम्ही परत आलात. साडीवर अप्पांची उलटी तशीच होती. खुर्चीत बसलात, पाणी नको म्हणालात. मला विचारलंत, "मालन, खालच्या आळीच्या अप्पांना कुणी पुकारलं? शकीलभाई तर पट्टी करत होते."

"मी," म्हटलं.

"नाव घेऊन?"

बाई, एवढंच बोलायचं होतं, "न्हाई." एक शब्द. माझ्या तोंडातून निघालं, "हाव. नाव घेतलं मी. त्यांनी पण सांगितलं. मग दिला."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मला वाटलं, ओळखलंत. तुम्ही उठून माझ्या पाठीवर हात ठेवलात. म्हणालात, "घेतलंस होय नाव. निदान तेवढं तरी झालं आज."

तो हात अजून पाठीवर आहे.

मग शकीलभाई पुढं आले. कुणी विचारायच्या आधी म्हणाले, "बाई, मी नाव इचारलं न्हाई. ताईनं पाठीवलंय म्हणून सुई दिली. माझं चुकलं." तुम्ही निळी वही काढलीत. दवाखान्यात काहीही चुकलं की ती वही. कुणाचं चुकलं ते लिहायचं नाही, काय चुकलं ते लिहायचं, हा तुमचा नियम. त्यात तुम्ही लिहिलंत ते मला पाठ आहे. "पुकारताना नाव घेतले, पेशंटने नाव सांगितले. तरीही पेपर बदलला. सुई देताना नाव विचारले नाही. पेपर का बदलला, कळले नाही."

दुसऱ्या दिवशी तुम्ही अप्पांच्या घरी गेलात, त्यांच्या पोरांना सांगायला की चूक दवाखान्याची आहे. मोठा पोरगा तुमच्या अंगावर ओरडला. तुम्ही उभ्या राहून ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ओरड बाबा, तुझा हक्क आहे." मी दाराबाहेर तुमची पिशवी धरून उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

गावानं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. सुई ज्याच्या हातात, पाप त्याच्या माथी. काही जण आणखी पुढचंही बोलले, शकीलभाईंच्या जातधर्मावर गेले. ज्यांच्या पोरांना त्यांनी लहानपणापासून सुया दिल्या, ते म्हणायला लागले, "आमाला बाईच्या हातची पायजे." तुम्ही सांगायच्या, "त्यांनी खरं सांगितलं म्हणून मी त्यांना ठेवणार." पण महिन्याभरात तेच उठले. उदगीरला भावाच्या औषधाच्या दुकानात गेले. जाताना तुमच्या पाया पडले. मी चहा केला होता. मला म्हणाले, "ताई, तुमच्या मामंजींचा पुकारा आता तुमच्याकडं. तुम्हाला जमलं की आता." खऱ्या मनानं म्हणाले, बाई. टोमणा नव्हता.

खरं बोलला तो गेला. खोटं बोलली ती राहिली.

आणि तुम्ही बिल्ले आणलेत. नाव विचारूनही चूक होते म्हटल्यावर नावावर तुमचा भरवसा राहिला नाही. प्रत्येकाला नंबरचा बिल्ला, पेपरला तोच नंबर. लोकांनी लवकर आत जायला बिल्ले आपसांत बदलले. लेकरांनी तोंडात घातले. एकदा नवऱ्याच्या बिल्ल्यावर बायको आत आली. तुम्ही रोज नवी तोड काढायच्या आणि रोज नवा घोळ व्हायचा. मला दिसत होतं की तुम्ही चुकीच्या जागी ठिगळ लावताय. भोक कुठं आहे ते मला एकटीलाच माहीत होतं.

तीन वर्षं. कधी दुपारी पेशंट नसले की तुम्ही वही उघडून तेच पान बघायच्या. "मालन, मला अजून कळलं नाही तेव्हा काय झालं."

नांदेडला तुम्हाला दवाखान्यात ठेवलंय कळलं तेव्हा मी एकटी एसटीनं आले. दारात रखवालदारानं विचारलं, "पेशंटचं नाव?" मी म्हटलं, "बाई." तो म्हणाला, "मावशी, आत निम्म्या बायाच हाईत. नाव सांगा." इतक्या वर्षांत तुमचं नावही मी कधी घेतलं नव्हतं. सुमित्राबाई म्हटलं, त्याला तीनदा सांगावं लागलं.

तुमच्या मनगटाला नावाची पट्टी होती. एक पोरगी औषध घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा." तुमचा आवाज फुटत नव्हता, तरी तुम्ही सांगितलंत. तिनं पट्टी वाचली, मग औषध दिलं. तुम्ही इतक्या खूश झालात. माझा हात दाबून म्हणालात, "बघितलंस? विचारतात." मग वर बघत म्हणालात, "आपण पण विचारलं होतं ना गं."

मी म्हटलं, "बाई, जरा झोपा."

हे म्हटलं मी. तुम्ही डोळे मिटलेत. अनुताई बाहेर डबा आणायला गेल्या होत्या, खोलीत आपण दोघीच होतो. याच्याहून बरी वेळ मला मिळणार नव्हती. मी तुमच्या पायावरचं पांघरूण सारखं करत बसले आणि मग एसटी चुकेल म्हणून निघाले. चार दिवसांनी अनुताईंचा फोन आला.

बाई, माझी नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला सांगायचे. तसं नव्हतं. तुम्ही मला काढलं नसतं. पाठीवरचा हात तुम्ही काढून घ्याल, त्याची भीती होती.

हे सगळं काल लिहिलं. आज मंगळवार. लिहिता लिहिता एवढं कळलं की ज्यांनी हे ऐकायला पाहिजे होतं ती माणसं सगळी गेलेली नाहीत.

सकाळी शकीलभाईंना फोन लावला. "कोन?" म्हणाले. "मी मालन." "बोला ताई, बाईच्या खबरीनं दोन दिवस जेवन गेलं न्हाई बघा." मी एका दमात सांगितलं. नाव घेतलं नव्हतं. अप्पा म्हटलं आणि हात केला. खोटं सांगितलं. पलीकडं दुकानातला आवाज येत राहिला, कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. शकीलभाई म्हणाले, "एक मिन्ट, गिऱ्हाईक हाय." परत आले तेव्हा आवाज बदललेला होता.

"ताई, तुम्ही नाव घेतलं म्हणलाव, तवा मला वाटलं, बघा, ताईनं इतक्या सालाची भीती सोडली आन् मी एक सवाल इचारला न्हाई. त्याच शरमेनं गाव सोडलं मी."

मग त्यांनीच पुढं म्हटलं,

"मला राग यायलाय. फोन ठेवा."

ठेवला. दुपारी त्यांचाच फोन आला. एवढंच विचारलं, "वहीत लिवलं का?" मी म्हटलं, "न्हाई." "मग मला कशाला सांगताव?" म्हणाले आणि बंद केला. त्यांनी माफ केलं का ते मला माहीत नाही. मी मागितलीही नाही.

निळी वही काढली. तुमच्या ओळीखाली लिहिलं. "नाव पुकारलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. पेपर त्याच्यामुळं बदलला. मालन." कुणाचं चुकलं ते लिहायचं नाही हा तुमचा नियम मोडला. तेवढा मोडू द्या.

अनुताई चारला नांदेडहून आल्या, दवाखाना पुन्हा सुरू करायचं बघायला. मी वही त्यांच्यापुढं उघडून ठेवली. त्यांनी वाचली. परत वाचली. चष्मा काढून टेबलावर ठेवला, अगदी तुमच्यासारखा उपडा.

"आईला सांगितलं होतं?"

"न्हाई."

"शेवटपर्यंत ती तेच विचारत होती, मालनबाई. शेवटच्या दिवशी पण." त्यांचे डोळे भरले. मला वाटलं आता किल्ली मागतील. मी कंबरेची किल्ली सोडायला लागले. त्या म्हणाल्या, "शकीलभाईंना सांगितलं?"

"हाव."

"अप्पांना?"

"न्हाई."

"मग चपला घाला."

तुम्ही ज्या वाटेनं गेला होतात त्याच वाटेनं गेलो. अनुताई पुढं, मी मागं. मठाजवळच्या गल्लीत संध्याकाळची माणसं बाहेर बसली होती. कट्ट्यावर पाचसहा म्हातारे, सगळे अप्पाच. आपले अप्पा कडेला, आमच्याकडं पाठ करून बसलेले. दारांत बाया उभ्या होत्या, त्यात माझ्या सासरच्या दोघी. अनुताई थांबल्या आणि माझ्याकडं बघितलं. त्या हाक मारणार नव्हत्या.

मी म्हटलं, "अप्पा." चौघं वळले. ते वळले नाहीत.

ओसरी दिसली, पाकीट दिसलं, सासूचा हात दिसला. मग तुमचा आवाज आला, पुकारतेस का मंत्र म्हणतेस. मी पदर सारखा केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "मन्मथअप्पा बसलिंगअप्पा, मठाजवळचे!"

दारातली एक जण "अगं बाई, सासऱ्याचं नाव!" म्हणाली, तेही ऐकलं.

बाई, एकच माणूस वळला.